एल्डरकोम्ब स्टेशनचा संताप

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या एल्डरकोम्ब गावचे बंद पडलेले रेल्वे स्टेशन आहे. कृपा करून मला 'गोड' म्हणू नका. रविवारी फोटो काढायला येणारे सगळे तेच म्हणतात, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

इथल्याच टेकडीचा पिवळा दगड फोडून मला बांधले. या गावचे दूध, मेंढ्या, नव्या नवऱ्या आणि लढाईवर निघालेली पोरे मी शहराकडे रवाना केली. हमाल विल्फ गेज फलाटावर गुलाब लावायचा. नीटनेटकेपणाचे बक्षीसही मला मिळाले. शाबासकी देणाऱ्या रेल्वेवाल्यांनीच पुढे ठरवले, की मी तोट्यात आहे.

बंद करण्याआधी गावाला एकच प्रश्न विचारायचा नियम होता: तुमचे हाल होतील का? त्यासाठी एक साहेब माझ्याच वेटिंग रूममध्ये येऊन बसला. सगळे गाव जमले. मला वाटले, आता हे बोलतील!

पण या गावात स्वतःचे गाऱ्हाणे सांगणे म्हणजे चारचौघांत लाज सोडणे.

"माझं काय, मी सायकलनं जाईन," शाळेचे लव्हरिज मास्तर म्हणाले. "मिसेस टकरचं मात्र अवघड आहे."

हिल्डा टकरची मुलगी छातीच्या दुखण्याने शहरातल्या इस्पितळात होती. दर गुरुवारी माझ्याच गाडीने ती लेकीला भेटायला जाई. सगळ्यांच्या नजरा वळताच तिने हातमोजे सारखे केले.

"छे, माझं होईल काहीतरी. एका बाईसाठी आख्खी गाडी कशाला?"

"अहो, शेवटची बस भेटीच्या वेळेआधीच परत निघते," विल्फ पुटपुटला.

"गप रे विल्फ," हिल्डा म्हणाली. "तुझी तर नोकरी जातेय, तू रडतोयस का?"

साहेबाने चहा संपवला. "म्हणजे कुणाचीच तक्रार नाही?" सगळ्यांनी हसून माना डोलावल्या.

शेवटच्या गाडीला मात्र बँड आणला, हार घातले, डोळे पुसले. बैल गेला नि झोपा केला! हिल्डाची मुलगी त्याच हिवाळ्यात गेली. तेव्हा तिच्या उशाशी कुणी नव्हते.

मित्रांनो, माझे छप्पर शाकारा किंवा राहू द्या. पण कुणी 'हाल होतील का' असे विचारले, तर 'हो' म्हणा. शेजारची बाई 'होईल काहीतरी' म्हणाली, तर तिच्या वतीने भांडा. मी भिंतीतून सगळे ऐकत होते, पण दगडाला तोंड नव्हते. त्या खोलीत बाकी सगळ्यांना होते.