पोटातला जोड

नवरा तपासणीबद्दल खोटं बोलतोय, हा संशय बायकोला त्याच्या कोपराकडे बघून आला. पाच वर्षांपूर्वी त्याच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. डॉक्टरांनी जांघेतून आत नळी सरकवून ती तिथेच कायमची बसवली, रक्ताला नवी वाट करून दिली आणि दरवर्षी स्कॅन करायला बजावलं. पहिली दोन वर्षं तो परतायचा तेव्हा कोपराशी सुई टोचलेल्या जागी पट्टी असायची. मग पट्टी नाही, डाग नाही, फक्त "सगळं ठणठणीत!" कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला गेल्या वर्षीच कळलं होतं. पण ठणठणीत ऐकायला बरं वाटायचं, म्हणून तिनेही खोदून विचारलं नाही.

यंदा मात्र ती मुकाट्याने त्याच्या मागे निघाली. हॉस्पिटलच्या चौकात स्वारी उजवीकडे वळायची ती डावीकडे वळली आणि पाइपांच्या दुकानात शिरली. तिथे स्टुलावर बसून चहा, वर दुकानदाराला फुकटचे सल्ले.

"झाली का तपासणी?" ती समोर जाऊन उभी राहिली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. हा तीस वर्षं प्लंबर. "अगं, मी टाकलेला जोड पहिल्या वर्षी गळला नाही, की जन्मात गळत नाही. आणि हे दरवर्षी बघायला बोलावतात! यांच्याच कामात खोट असणार. मला कळत नाही होय?"

"अहो, पोट म्हणजे काय मोरी आहे? उठा आधी!"

दुकानदारासमोर शोभा नको म्हणून तो उठला. तासाभरात स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. नळी शाबूत होती. पण ती ज्या ठिकाणी घट्ट बसवली होती, तिथली रक्तवाहिनीच वयाबरोबर रुंदावली होती. नळी खाली घसरली होती, रक्त कडेने जुन्या फुग्यात शिरत होतं आणि फुगा पूर्वीपेक्षा मोठा झाला होता.

"म्हणजे जोड पक्का होता," तो पुटपुटला. "भिंतच सरकली."

"भिंत जिवंत असते ना, म्हणून तर बोलावतो," डॉक्टर म्हणाले. "वरून दुसरी नळी बसवता येईल. आता एकच सांगा, कंबर किंवा पाठ दुखते का? दुखत नसेल तर चार दिवस हातात आहेत. दुखत असेल तर तो फुगा कधीही फुटेल."

तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. आता यानं काहीही सांगितलं तरी ती ताडून बघणार होती.

त्याने मान खाली घातली. "दुखते. आठवडा झाला. आज सकाळपासून फार."

तो खरं बोलत होता, हे तिला लगेच कळलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि आज पहिल्यांदा तिला वाटलं, हा खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं.