काट्याचं डोकं दक्षिणेला

कमलम्माची सून शिवानी पुण्याच्या कंपनीचं काम दुधनीजवळच्या मळ्यात घरी बसून करायची. घरात बोलायला हक्काचं माणूस आलं होतं, त्यामुळं कमलम्मा खूश होती. पण मिटिंग ऐन रंगात आली की इंटरनेट गायब व्हायचं. शेवटी साहेबानं बजावलं, "सोमवारी दहाची मिटिंग तुटली, तर पुण्यात येऊन राहायचं."

सासूसुना सोलापूरला निघाल्या आणि सात रस्ता चौकात मकदूमभाईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन बसल्या. सिमकार्डवर चालणारा राऊटर घरात होताच, त्याला बाहेरून जोडायचा अँटेना पाहिजे होता. मकदूमभाईनं दोन पुढं ठेवले. एक काठीसारखा उभा, दुसरा माशाच्या काट्यासारखा आडवा.

"काठी चारी बाजूचं ऐकती," तो म्हणाला, "पण लांबचं तिला नीट ऐकू येत न्हाय."

"म्हंजे आमची शेजारीण रंभाबाई की!" कमलम्मा म्हणाली. "साऱ्या गावाचं ऐकती, नवऱ्याचं तेवढं न्हाय."

"आनि हा काटा एकाच दिशेचं ऐकतो, पण कोसावरचं धरतो. तुमचा टॉवर लांब हाय, काटाच न्या."

शनिवारी शिवानीनं माळवदावरच्या पाइपाला काटा बसवला आणि त्याचं तोंड टॉवरकडं केलं. राऊटरवर सिग्नलच्या चार दांड्या उभ्या राहिल्या.

रविवारी कमलम्मा शेंगा वाळवायला वर चढली. बघते तर काट्याचं तोंड सरळ दक्षिणेला! तिच्या घरात दिव्याची वातसुद्धा कधी यमाच्या दिशेला झाली नव्हती. तिनं नट सैल केला, काटा पूर्वेला वळवला आणि समाधानानं खाली उतरली.

शिवानीला वाटलं, वाऱ्यानं फिरला. तिनं परत नीट लावला आणि नट पक्का आवळला.

सोमवारी सकाळी कमलम्मानं पान्यानं नट सोडवून काटा पुन्हा वळवला. आज तर वर विभूतीचं बोटही लावलं.

साडेनऊला एकही दांडी नव्हती. शिवानीनं मकदूमभाईला फोन लावला. "काटा परत घ्या, काठी द्या."

"ताई, काट्याला काय होत न्हाय. आधी बघा, वर कोन जातंय."

शिवानी वर गेली. विभूती दिसली.

"अत्ती!" सासूला ती कानडीतच हाक मारायची. "तुम्ही फिरवला?"

"मग? दक्षिणेला तोंड करून ठेवतात व्हय कुनी?"

"टॉवर तिकडंच आहे अत्ती. सिग्नल नाही मिळाला तर मला पुण्याला जावं लागेल."

कमलम्माच्या आत्ता ध्यानात आलं. सुनेची बॅग आपणच भरत होतो की! पण घरावर यम बोलवायचा कसा? तिनं काट्याकडं निरखून बघितलं.

"ह्याचं डोकं कंचं गं?"

"हे पुढचं टोक."

"आनि पाय?"

"हे मागचं. पाइपाकडचं."

"मग आधी सांगायचं न्हाय का! दिव्याची गोष्ट येगळी. झोपताना मानसानं डोकं दक्षिणेलाच करावं. पाय करू न्हाईत."

असं म्हणून तिनं स्वतःच काटा फिरवला. शिवानीनं नट आवळला आणि धावत खाली गेली.

मिटिंग संपेपर्यंत कमलम्मा माळवदावरच बसून होती. मध्येच एक साळुंकी काट्यावर येऊन बसली आणि ओरडायला लागली.

"गप की गं," कमलम्मानं तिला हाकललं. "झोपलंय त्ये."

खालून शिवानीच्या इंग्रजीचा आवाज न तुटता येत होता.