सगळ्यांनी इकडं बघा

सकाळी सव्वासातला ताईनं होड्यांच्या शेडचं दार उघडलं, तर समोरच्या भिंतीवरून चौदा सील तिच्याकडं टक लावून बघत होते.

पोस्टर नवं होतं, दाराएवढं उंच. खडकावर पसरलेले सील, सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांचे काळेभोर डोळे थेट कॅमेऱ्यात. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'सहकुटुंब कायाक सफर. ते तुमची वाट बघतायत!'

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गेली बावीस वर्षं ती लोकांना कायाकमध्ये बसवून त्या खाडीच्या तोंडापर्यंत नेत होती. शेड वडिलांची, शिकवण वडिलांची. सील दाखवायचे तर नियम एकच : एका सीलनं डोकं वर केलं की वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं आणि गप्प बसायचं. दुसऱ्यानं केलं की मागं फिरायचं. पहुडलेला सील डोकं वर करतो तो 'पळू का?' असं स्वतःलाच विचारत असतो. सगळ्यांची डोकी वर आली, की उत्तर ठरलेलं असतं. वडील असेपर्यंत शेडमध्ये सीलचा एकच फोटो होता, त्यात सगळे झोपलेले होते. तो आता पोस्टरमागं गेला होता.

ती तशीच आतल्या ऑफिसात शिरली. धाकटा भाऊ चहात बिस्किट बुडवत होता. अठरा वर्षं त्यानं बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवला होता. घराघरात कॅमेऱ्याचे फोन आले आणि स्टुडिओ बसला. वडील गेल्यावर शेडचं बुकिंग आणि जाहिराती तो बघायला लागला. कायाकमध्ये मात्र तो कधी बसला नाही. त्याला ती पाळण्यासारखी हलते म्हणे.

"हा फोटो कुणी काढला?"

"मीच." धाकट्यानं खुर्चीतल्या खुर्चीत छाती फुगवली. "रविवारी मोटरबोट घेऊन गेलो होतो. कसा आलाय सांग ना! चौदाच्या चौदा कॅमेऱ्यात बघतायत. एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. लग्नाच्या ग्रुप फोटोत मला हे आयुष्यात जमलं नाही."

"सगळे एकदम कसे बघायला लागले?"

"शिट्टी मारली."

"शिट्टी?"

"अगं, स्टुडिओत पोरांसाठी खुळखुळा वाजवायचो ना, तसं. लाइफ जॅकेटची शिट्टी, एकच सणसणीत. सगळ्यांनी इकडं बघा! बघितलं."

"आणि फोटो काढल्यावर?"

"गेले पाण्यात. पोहायची वेळ झाली असेल."

ताईनं त्याला दंडाला धरून पोस्टरपुढं आणलं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"दगड."

"दगडाला मिशा असतात?"

धाकट्यानं चष्मा वर केला, वाकून बघितलं. राखाडी रंगाचं एक गाठोडं, कपारीत चेपलेलं. तोंड अर्धवट उघडं.

"पिल्लू आहे ते, आठवड्याचंसुद्धा नसेल. तू शिट्टी मारलीस, आया जिवाच्या आकांतानं पाण्यात पडल्या, आणि हे मागं राहिलं. आज बुधवार. त्याची आई परत आली का नाही, तुला ठाऊक आहे?"

"येईल की. आई आहे."

"दुपारची मोटरबोटीची फेरी रद्द कर."

"बारा लोक आहेत ताई! आणि त्यांना हाच फोटो दाखवलाय मी." त्यानं आवाज खाली आणला. "तू सकाळच्या मंडळींना घेऊन जातेच आहेस, तर बघून ये आणि मग बोल. तुला काय, जिथं तिथं प्रलयच दिसतो."

नऊ वाजता सकाळची मंडळी आली. एक उंचापुरा इंजिनियर, त्याची बायको, आठ वर्षांची मुलगी आणि इंजिनियरची आई. आई सत्तरीच्या, नवजात बाळांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्स. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी स्वतःच आवळले आणि सुनेचे सैल आहेत म्हणून तेही आवळले.

"बाई, तुम्ही माझ्यासोबत बसा," ताई म्हणाली. बाकीचे तिघं दुसऱ्या कायाकमध्ये.

तासाभरात ते खाडीच्या तोंडाशी पोचले. ओहोटी लागली होती, खडक उघडे पडत होते. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. वाटेत एक समुद्री गरुड डोक्यावरून गेला तेव्हा मुलगी इतकी मागं वाकली की तिच्या आईनं तिची कॉलर धरली. ताई त्यांना हळू आवाजात सगळं दाखवत होती, पण तिचं लक्ष पुढच्या खडकाकडं होतं.

खडकावर नऊ सील होते. एरवी या दिवसांत वीस-बावीस असतात. ताईनं वल्हं आडवं ठेवलं, दुर्बीण काढली. कोपऱ्यातल्या कपारीत ते पिल्लू होतं, त्याच जागी. बाकीचे त्याच्यापासून लांब. वाऱ्यासोबत बारीक रडं ऐकू आलं.

"हे कोण रडतंय?" नर्सबाईंनी मान वळवली. बावीस वर्षांत ताईनं पाहिलेल्या पर्यटकांपैकी कुणीही असा आवाज आपणहून टिपला नव्हता. तिनं दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि रविवारचं सगळं चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य भावाबद्दल होतं, ते तिनं गिळलं.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "मानेची कातडी लोंबतेय. अंग भरलेलं नाही. याला कुणीतरी पाजतंय, पण पोटभर नाही. येते आणि घाबरून जाते, असं दिसतंय." मग दुर्बीण पाण्यावर फिरवून म्हणाल्या, "ती बघ. ती असणार."

खडकापासून वीसेक हातांवर एक डोकं पाण्यातून वर आलेलं होतं. त्याची नजर एकदा पिल्लाकडं जात होती आणि एकदा या दोन कायाककडं.

"आपण आलोय म्हणून ती थांबलीय," ताई म्हणाली.

"मग आपण इथं काय करतोय?"

तेवढ्यात खडकावरच्या एका सीलनं डोकं उचललं. ताईनं हात वर करून दुसऱ्या कायाकला थांबायची खूण केली. पण इंजिनियर वल्हं मारतच होता. तो त्यांच्या पुढं गेला, वल्हं ठेवलं, फोन बाहेर काढला.

"सगळे पाठ करून झोपलेत हो!" तो मोठ्यानं म्हणाला. "असा कसला फोटो? सगळे कमरेखालचेच!" आणि त्यानं लाइफ जॅकेटला अडकवलेली शिट्टी तोंडात धरली.

"थांबा!" ताईचा आवाज दबलेला, पण फाटलेला. "ती वाजवायची नाही."

"तुमच्याच ऑफिसात सांगितलंय, फोटोच्या आधी वाजवा म्हणून."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुडणाऱ्या माणसासाठीची शिट्टी. धाकट्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला तिची शिकवणी लावली होती आणि हिला पत्ता नाही.

"बाळा," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. पण इंजिनियरचे खांदे शाळकरी मुलासारखे आखडले. "ती शिट्टी तोंडातून काढ. बुडत असशील तरच वाजव."

"आई, एकच फोटो..."

"एकतीस वर्षं तुझ्यासारख्या बापांना मी काचेबाहेर उभं केलंय. प्रत्येकाला एकच फोटो हवा असायचा. तिथं एक बाळ उपाशी आहे आणि त्याची आई तुझ्यामुळं दारात ताटकळलीय. वळव ती होडी."

खडकावर दुसरं डोकं वर आलं.

"बाबा, दोन झाली," मुलगी म्हणाली. नियम तिला सकाळी किनाऱ्यावरच सांगितला होता, आणि तिनं तो ऐकला होता.

शिट्टी खाली आली. इंजिनियरनं कायाक वळवली.

ते मागं पाण्यात उभ्या असलेल्या एका खडकाच्या सुळक्याच्या आडोशाला गेले, तिथून खडक बोटभर दिसत होता. अकरा वाजून पाच मिनिटांनी ताईनं घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले. सून म्हणाली, पाय बधिर झाले. पावणेबारा झाले. पाण्यातलं डोकं दोनदा खडकाशी गेलं आणि दोनदा मागं फिरलं. नर्सबाई दुर्बीण कुणाला देईनात. बारा वाजून वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "चढली." आणि थोड्या वेळानं, "लागलं प्यायला."

मग दुर्बीण हातोहात फिरली. इंजिनियरनंही बघितलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ बघितलं. त्याच्या फोनवरच्या फोटोत एक राखाडी खडक होता, बस्स.

"आता वाचेल ना?" मुलीनं विचारलं.

"एक वेळचं दूध झालं," ताई म्हणाली. खोटं सांगणं तिच्या जिवावर आलं. "रोज झालं तर वाचेल. मध्ये कुणी आलं नाही तर."

दीडच्या सुमाराला ते किनाऱ्याला लागले. कायाक वाळूवर ओढत असतानाच शेडमधून आवाज आला. एक-दोन नव्हे, डझनभर शिट्ट्या. दुपारचे बारा जण लाइफ जॅकेट घालून ओळीत उभे होते आणि समोर धाकटा हात उंचावून सांगत होता, "असं नाही, सगळ्यांनी एकदम! मी तीन म्हटल्यावर!"

ताई ओल्या बुटांनी आत गेली. धाकट्याच्या मागं उभी राहिली. स्वतःच्या जॅकेटची शिट्टी तोंडात धरली आणि छातीतला सगळा वारा तिच्यात ओतला.

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज असा घुमला की एका बाईच्या हातातली पाण्याची बाटली पडली. एक लहान मूल रडायला लागलं. बाराच्या बारा माना ताठ वर झाल्या, डोळे विस्फारलेले. तेरावी मान धाकट्याची.

"हलू नका," ताई म्हणाली. "आत्ता फोटो काढला तर सगळे कॅमेऱ्यात बघत असाल. एकाचेही डोळे मिटलेले नसतील. गोड येईल ना?"

रडणाऱ्या मुलाला त्याच्या आईनं उचलून घेतलं.

"वेड लागलं काय तुला?" धाकट्यानं कान चोळत विचारलं. "लोक घाबरले ना!"

"घाबरले? का? पोहायची वेळ झाली असेल."

दारातून नर्सबाईंचा हुंकार ऐकू आला. धाकटा पोस्टरकडं वळला. चौदा जोडी डोळ्यांकडं तो बघत राहिला, मग खालच्या डाव्या कोपऱ्याकडं. गर्दीतलं मूल अजून मुसमुसत होतं.

"आहे का?" त्यानं हळूच विचारलं. "ते पिल्लू?"

"आहे. उपाशी आहे. आजचं दूध त्याला सव्वा तास उशिरा मिळालं, आमच्यामुळं. तुझी मोटरबोट आली असती तर मिळालं नसतं."

तिनं टेबलावरचा जाड मार्कर घेतला. पोस्टरवर पिल्लाभोवती गोल काढला आणि खालच्या जाहिरातीवर लिहिलं : 'हे वाट बघत नाहीत, पळायच्या तयारीत आहेत. हा फोटो शिट्टी वाजवून काढला. त्यानंतर सगळे पाण्यात गेले, पिल्लू मागं राहिलं.'

"लहान आकाराचे दोनशे छापलेत ताई," धाकटा कळवळून म्हणाला. "गावभर वाटायला."

"आण इकडं."

"दोनशेंवर लिहिणार आहेस?"

"तू पण लिहिणार आहेस. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मग ती बारा जणांकडं वळली. सुळक्याच्या अलीकडून, लांबून, दुर्बिणीनं बघायचं असेल त्यांनी थांबा, कायाकनं जाऊ, ज्यांना जवळूनच हवंय त्यांनी घरी जा, असं तिनं सरळ सांगितलं. पाच जण जॅकेट काढून, तोंड वाकडं करून निघून गेले. सात थांबले.

धाकट्यानं मोटरबोटीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. ठेवताना जरा आपटलीच. मग पोस्टरांचा गठ्ठा ओढला, पहिलं उलगडलं आणि मार्करसाठी हात पुढं केला.

"वाक्य काय होतं?" तो म्हणाला. "परत सांग. सावकाश."