आधी खांद्यावर, मग पेटीवर

विमलबाई नवस बोलल्या तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या झाकणावर होता. समोर समई, डोळे मिटलेले, ओठ हलके पुटपुटत होते, "अंबामाय, माह्या लेकीच्या पेटीवर कर्नल लिहू दे. घरच्या अंगणात रोडगे घालीन, सारी गल्ली जेवू घालीन." तो नवस जेवढा देवीच्या कानी गेला, तेवढाच माझ्याही.

मी जुईलीची पेटी बोलतेय. काळी, पत्र्याची, फौजेतल्या डॉक्टरणीची पेटी.

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. फोडायचे, त्यावर तुपाची धार धरायची, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्या वऱ्हाडात देवाला शब्द द्यायचा तो असा, लोकांची पोटं भरून.

माझा जन्म अमरावतीतल्या पेट्यांच्या दुकानातला. त्या दिवशी एकाच मोठ्या पत्र्यातून आम्ही दोघी कापल्या गेलो, मी आणि माझी जुळी. सारखीच कडी, सारख्याच बिजागऱ्या. दुकानात दोन जावा एकदम आल्या होत्या. थोरल्या मनकर्णाबाई अकोल्याच्या, वकिलाची बायको, बोलायला फटाकडी. धाकट्या विमलबाई अमरावतीच्या, मास्तरांच्या घरातल्या, बोलायच्या आधी मनात देवीला विचारणाऱ्या. थोरलीचा मुलगा केयूर, धाकटीची मुलगी जुईली. दोघंही डॉक्टर होऊन एकाच वेळी फौजेच्या वैद्यकीय सेवेत चालले होते.

"दोन्ही पेट्या सारख्याच द्या," विमलबाई हळूच म्हणाल्या.

"सारख्या द्या, पण मले वरची द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी मोठी हावो."

कोणती वरची, ते असं ठरलं. तेव्हापासून मी खालची.

श्याम पेंटरनं पांढऱ्या रंगात आमच्या तोंडावर नावं लिहिली. 'कॅप्टन जुईली हिवसे', 'कॅप्टन केयूर हिवसे'. फौजेतल्या पेटीची हीच रीत. माणसाचा हुद्दा बदलला की पेटीवरचं जुनं अक्षर काळं करायचं आणि नवं काढायचं. श्याम हौशी. तो म्हणाला, "ताई, मेजर बी आताच लिहून ठेवू का? नंतर तुमी कुठं अन् मी कुठं."

जुईली हसली, पण बोट उगारून म्हणाली, "नाही श्यामभाऊ. आधी खांद्यावर, मग पेटीवर. न मिळालेला हुद्दा लावणं आमच्यात फार वाईट समजतात."

हे वाक्य विमलबाईंनीही ऐकलं होतं. लक्षात ठेवा.

पुढं मी जुईलीबरोबर खूप हिंडले. वाळूतली हॉस्पिटलं पाहिली, हिमातली पाहिली. माझ्यात तिचे स्वेटर, तिचा स्टेथोस्कोप, आणि आईनं दिलेली कुंकवाची डबी. सुरुवातीला बरं चाललं होतं. फौजेतल्या डॉक्टरांचे पहिले हुद्दे सेवेची वर्षं भरली की मिळतात; कर्नलसाठी मात्र निवडीचं बोर्ड बसतं. मी मेजर झाले, माझी जुळीही झाली. मी 'ले. कर्नल', म्हणजे लेफ्टनंट कर्नल, झाले. तिच्यावर मात्र ते अक्षर माझ्या आधी चढलं होतं.

त्याचं कारण घरातलंच होतं. दोघांनाही पुढच्या शिक्षणाची, एम.डी.ची संधी बरोबरच आली होती. केयूर गेला. जुईलीची निघायची तयारी झाली आणि तिचे वडील, उद्धवराव मास्तर, छातीत कळ येऊन खाली बसले. ऑपरेशन झालं. जुईलीनं ती संधी सोडली, रजा टाकली, बापाच्या उशाशी बसली. एम.डी. तिनं नंतर केलं, चांगलं केलं. पण फौजेत शिक्षण लवकर झालं की ज्येष्ठता पुढं मोजतात. केयूर पुढं गेला तो गेलाच.

विमलबाई हे कोणाजवळ बोलल्या नाहीत. देवीजवळ मात्र बोलायच्या. "माह्या कुंकवापायी लेक मागं राह्यली माय. तूच पाह्य."

मग जुईलीची बदली डोंगरावरच्या एका हॉस्पिटलात झाली. तिथं सामान बेतानं न्यायचं होतं, म्हणून मला अमरावतीला घरी पाठवलं. विमलबाईंनी मला देवघराशेजारी ठेवलं. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या जिवाला हेव्याचा रोग लागला.

अकोल्याहून मनकर्णाबाईंचा फोन यायचा. मास्तरांना कमी ऐकू येतं, म्हणून या घरात फोन कायम स्पीकरवर. "वं विमल, ऐकलं का? केयूर कर्नल झाला! बोर्डानं निवडला! श्यामले अकोल्यात बोलावून घेतलं मी, पेटीवर लिवाले. फोटो पाठवते."

फोटो आला. माझी जुळी! त्याच पत्र्याची, त्याच बिजागऱ्यांची. अन् तोंडावर 'कर्नल'. पत्रा उन्हात ठेवला की तापतो ना, तशी मी देवघराच्या सावलीत तापले. तिच्या कड्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या का? तिनं माझ्यापेक्षा जास्त बर्फ सोसला होता का? मग तीच काहून?

विमलबाईंनी फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि फोन पालथा ठेवला. "छान झालं," म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांच्या वरणात मीठ दोनदा पडलं.

मनकर्णाबाई वाईट नाहीत हो. जिभेनं तेवढ्या तिखट. एकदा मास्तर त्यांना पगाराचं समजावत होते, की मूळ पगार असतो, सैनिकी सेवेचा वेगळा असतो, आणि खासगी दवाखाना चालवायचा नाही म्हणून डॉक्टरांना एक भत्ता असतो. तर बाई म्हणाल्या, "दवाखाना न चालवायचे पैसे? मंग आमच्या शेजारच्या डॉक्टरले काहून नाही देत सरकार? त्याचा बी चालून नाही राहिला!" मास्तर हसून हसून आडवे. विमलबाई हसल्या नाहीत. हेवा जडला की माणसाचं हसू पहिले जातं. माझंही गेलं होतं.

अशातच जुईलीचा फोन आला. "आई, या वेळच्या बोर्डात माझं नाव आहे. म्हणजे विचार होणार आहे गं, निवड नाही झाली अजून. यादी लागायची आहे."

विमलबाईंना नीट कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण त्याच आठवड्यात मनकर्णाबाईंनी कळवलं, की केयूर नव्या जागी रुजू व्हायला निघालाय, बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी आहे, तर दुपारी आम्ही तुमच्याकडे येतो. पेटी घेऊन.

पेटी घेऊन! विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. देवीनं आम्हा दोघींना एकदमच कुबुद्धी दिली असावी.

"अहो, मी त्या दिवशी रोडगे घालते," त्या मास्तरांना म्हणाल्या.

"कायचे?"

"नवसाचे."

"निकाल कुठं लागला पण?"

"देवीले आगाऊ दिलं का तिले बी लाज वाटते. मंग तिले द्याच लागते."

मास्तरांनी चष्मा काढला. "आगाऊ नवस फेडते का कोणी? ते का लाइटबिल हाये, आधी भरलं तं सूट मिळीन?"

पण ज्या बाईनं आयुष्यात कधी हट्ट केला नाही, तिचा पहिला हट्ट मास्तरांनी मोडला नाही. गोवऱ्या आल्या. गल्लीतल्या बायकांना निरोप गेले. आणि त्या दिवशी सकाळी श्याम आला, हातात काळ्या रंगाचा डबा.

"काकू, यादी लागली?"

"लागतेच आहे. तू काढ."

त्याला फार काही काढायचं नव्हतंच. 'ले. कर्नल' मधला फक्त 'ले.' काळा करायचा होता. कुंचल्याचा एक फटकारा. थंडगार रंग माझ्या तोंडावरून फिरला, आणि मी कर्नल झाले. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. वाटलं, येऊ दे आता माझ्या जुळीला. पाहू दे.

दुपारी अंगणात धूर कोंदला होता. बायका गोवऱ्यांभोवती बसून रोडगे परतत होत्या, हसत होत्या. जीप थांबली. मनकर्णाबाई नवी कोरी अंजिरी साडी नेसून उतरल्या. मागून केयूर, आणि केयूरच्या हाती माझी जुळी. त्यानं तिला आणून माझ्याशेजारीच ठेवलं.

किती वर्षांनी भेटलो आम्ही! तिचा एक कोपरा पार चेपला होता. कडी बदललेली. 'कर्नल'च्या आधीचा काळा डाग तिच्याही तोंडावर होता, पण तो वाळलेला, मुरलेला. माझा अजून ओला चमकत होता.

केयूर मला पाहून खाली बसला. लहानपणी जुईलीला सायकलवर मागं बसवून फिरायचा तो. त्याचा हात माझ्या झाकणावर आला, मग नजर अक्षरांवर गेली, आणि हात तिथंच थांबला.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "जुईचा निकाल आला?"

विमलबाईंच्या हातात तुपाची वाटी होती. "येईलच," त्या म्हणाल्या, आणि वाटीची कड पदरानं पुसू लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी उचलला. स्पीकरवर, नेहमीप्रमाणे.

"बाबा, आई आहे का तिथं? आई, यादी लागली. माझं नाव नाही यात." आवाज साधा होता, बापाला औषधाची वेळ सांगताना असतो तसा. "अगं, रडू नको हं. जागा थोड्या होत्या. पुन्हा विचार होतो. आणि मला इथं ओपीडी आहे, जास्त बोलत नाही. केयूरदादा आला का? त्याला म्हणावं पोटभर जेव. बाबा सांगत होते रोडगे आहेत म्हणून. कशाचे गं रोडगे?"

मास्तर भिंतीकडे पाहत होते. अंगणातून एक बाई ओरडली, "विमलकाकू, पेटी पाहाले येतो वो आमी! कर्नलची पेटी!"

मी पत्र्याची. पण त्या क्षणी मला वाटलं, गंजून जाऊन माती व्हावं.

मनकर्णाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग जावेकडे. त्यांची जीभ सुटली की काही शिल्लक राहत नाही, हे मी जाणून होते. त्या चटकन पुढं झाल्या, समईशेजारची तेलाची वाटी उचलली, आणि नव्या साडीचा पदर तेलात बुडवून माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. रंग ओला होता. त्या खसाखसा पुसू लागल्या. आणि पुसता पुसता फोनकडे मान करून खणखणीत आवाजात बोलल्या,

"रोडगे माह्या केयूरचे व्हय वं जुई! तुह्या आईनं नवस बोलला होता त्याच्यासाठी. काकू हाये ना त्याची! घरात पहिला कर्नल झाला, मंग गल्ली जेवू नको घालू?"

"अय्या, आई! मला बोलली पण नाहीस!" फोनमध्ये जुईली हसली. खरं, मोकळं हसली. "मोठी आई, माझ्या वाटचा एक रोडगा जास्त खा."

"दोन खाईन! तुले काय, तुह्यी पाळी आली का मी घालीन, अकोल्यात. ठेव आता फोन, पेशंट पाह्य."

बायका दारात आल्या तोवर काळा डाग निघाला होता. त्याखालून 'ले.' पुन्हा वर आला, थोडा तेलकट, पण आपल्या जागी. मनकर्णाबाईंनी काळा झालेला पदर मुठीत धरून पाठीमागं लपवला आणि माझ्या जुळीकडे बोट केलं. "हे पाहा, ही कर्नलची. अन् ही त्याच्या बहिणीची. हिचं बी होईन."

विमलबाई जागच्या हलल्या नव्हत्या. बायका गेल्यावर म्हणाल्या, "बाई, तुमची साडी..."

"जाऊ दे साडी. अन् एक सांगू? आगाऊ काही करायचं असलं तं मले विचारत जाय. मी मोठी हावो."

तेव्हा विमलबाई रडल्या. खूप दिवसांचं रडल्या.

पंगत बसली. पहिला रोडगा विमलबाईंनी केयूरच्या ताटात आपल्या हातानं फोडला आणि तूप इतकं वाढलं की तो "काकू, बस, बस" म्हणाला. "नवस तुह्या नावाचा हाये बाबा," त्या म्हणाल्या, आणि मला कळलं की आता त्या खोटं बोलत नाहीत.

जेवून केयूर माझ्यावर टेकून बसला. "काकू, बोर्ड म्हणजे देवीचा कौल नाही. दरवर्षीचे रिपोर्ट पाहतात, शिक्षण पाहतात, कठीण जागी काम केलं का ते पाहतात, तब्येत पाहतात. आणि रिकाम्या जागा किती, त्यावर अडतं. जुई आत्ता आहे ती जागा कठीणच आहे. तिथलं काम पुढच्या वेळी तिच्या बाजूनं बोलेल. आणि नाहीच झालं, तरी डॉक्टर ती माझ्यापेक्षा चांगली. मला आता फायलीच जास्त पाहाव्या लागतील."

संध्याकाळी जीप निघाली. माझी जुळी गेली. तिच्या चेपलेल्या कोपऱ्यावर विमलबाईंनी जाता जाता कुंकवाचं बोट लावलं. मला आधी राग आला. मग त्या वळल्या, आणि उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या 'ले.'वर लावलं.

आता मी पुन्हा देवघराशेजारी आहे. हेवा गेलाय असं सांगितलं असतं, पण देवी ऐकते आहे, म्हणून सांगत नाही. अकोल्याचा फोन वाजला की पत्रा अजून जरा तापतो. पण रोज दिवेलागणीला विमलबाई दोन वाती लावतात. पहिली लावताना म्हणतात, "केयूरले सांभाळ." दुसरी लावताना, "जुईले सांभाळ." हा क्रम त्यांनी आपणहून ठरवलाय. दोन वातींच्या उजेडात माझी अक्षरं नीट वाचता येतात. जेवढी आहेत तेवढीच, पण खरी.

म्हणून तुम्हालाही एक मागणं आहे. तुमच्या घरात, नात्यात, एक तरी नाव असेल, जे ऐकलं की आपलाही पत्रा तापतो. ज्याच्या बढतीचा फोटो पाहून फोन पालथा ठेवावासा वाटतो. आज दिवा लावाल ना, तेव्हा त्या नावाचा एक नवस बोला. आपलं नाव नंतर घ्या. आणि नवस फळला तर रोडगे जरूर घाला, अंगणात, गल्ली बोलावून.

फक्त आगाऊ नका घालू. प्रत्येकीला मनकर्णाबाईंसारखी जाऊ मिळतेच असं नाही.