आधाराची मोजणी

"काकू, सरकारचा आधार घेतला का?" चारुदत्तने विचारलं आणि जमनी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. ही बातमी फोडली कोणी? तिचा नवराच, रामसिंग, दुसरा कोण! मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मागच्या वादळात दिग्रसच्या फाट्यावरचा सरकारी शेतकरी योजनेचा फलक उताणा पडला. महिनाभर त्याला कोणी हात लावला नाही. शेवटी जमनीनेच तो तांड्यावर ओढत आणला आणि त्याचा लोखंडी खांब गोठ्याच्या वाकलेल्या आढ्याखाली लावला, पाटीसकट. आता तो काढला तर छप्पर थेट बैलांच्या पाठीवर.

चारुदत्त यवतमाळहून एसटीने आला होता. कापसाचे भाव बसल्यापासून कोणत्या देशाचं सरकार शेतकऱ्याला किती पैशांचा आधार देतं, त्याची मोजणी जगभर चालली होती; या भागातली त्याच्याकडे होती. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं, पण जमनीला शब्द ऐकू आला तो एकच.

"घेतला जी," ती कबूल झाली. "पण एकच."

चारुदत्तचा चेहरा खुलला, त्याने पाहणीचा अर्ज काढला. आठ गावांत त्याला हा पहिलाच होकार. "वा! दाखवा ना. मोजून घेतो."

"मोजा. पण नेऊ नका साहेब, माहा गोठा पडते."

गोठ्यात खांब पाहून तो चक्रावला. पाटीवरची अक्षरं भिंतीकडे होती, ती वाचायला त्याने पाटी जराशी फिरवली. खांब सटकला, आढं करकरलं. चारुदत्तने अर्ज फेकून दोन्ही हातांनी छप्पर झेललं.

"काकू, धावा!"

जमनीने रामसिंगला हाक मारली. तो शेजारचा दांडका आणायला पळाला, तो निम्मा तांडा घेऊन परतला. दांडका विसरला.

"घरोघर सांगत काहून फिरला रे?" जमनी कडाडली. मग तिने वर पाहिलं. "साहेब, जराशा टाचा वर करा. आधार बुटका पडून राह्यला."

लोक पोट धरून हसले. चारपाच जणांनी आढं उचललं, खांब पुन्हा बसवला. चारुदत्तने खांदे चोळत बैलापुढून अर्ज ओढून घेतला, टेप काढला आणि आधाराच्या रकान्यात लिहिलं: सहा फूट दोन इंच.

जमनीने खांब धरूनच विचारलं. "मंग, नेत नाही ना जी?"

"नाही काकू. आठ गावं फिरलो. उभा असलेला एवढाच सापडला."