पावशेरसाठी रोज वीतभर

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर नाक मुरडाल. मी गोणपाटाचा एक फाटका तुकडा आहे. हल्ली मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून असतो. पण पूर्वी मी अख्खे पोते होतो आणि माझ्यात माणगावचा तांदूळ भरलेला असे.

ताग कुठे पिकला, कोणत्या गिरणीत मला विणले, हे मला सांगता येणार नाही. माणगावहून मी अलिबागला आलो आणि तिथून बैलगाडीने किहीमला, हरेश्वरच्या घरी. हरेश्वर नारळाच्या वाडीत काम करी. त्याच्या बायकोने, केसरने, तांदूळ कोठीत ओतला, मला झटकले आणि म्हणाली, "चांगलं दणकट पोतं हाय." एवढेच बोलली. पण माझे कौतुक पुन्हा कोणी केले नाही, म्हणून ते लक्षात राहिले.

पुढे उंदरांनी मला कुरतडले. केसरने मला उसवले आणि पाय पुसायला दाराशी टाकले. त्याच वर्षी ती तापाने गेली. घरात हरेश्वर आणि त्याची म्हातारी आई वेणूबाई, दोघेच उरले. कामापुरते बोलत.

दीड वर्ष गेले. १९५३ च्या श्रावणात शेजारच्या बंगल्याचा राखणदार कोंडाजी टोपलीतून एक पिल्लू घेऊन आला. पांढरे, केसाळ. त्या जातीचे कुत्रे वाढून वाढून मांजराएवढे होते.

"आमच्या बाईसाहेबांनी केसरला कबूल केलेलं," कोंडाजी म्हणाला, "पुढच्या वेतातलं एक तुला."

"घेणारी कुठं हाय आता?" वेणूबाई म्हणाली.

हरेश्वरने हात पुढे केले. "मी घेतो."

"पावशेर तरी भरंल का रं ह्ये?" वेणूबाईने विचारले, आणि तेच त्याचे नाव पडले.

पावशेरने पहिल्याच दिवशी देवघराच्या कोपऱ्यात मुतून ठेवले. वेणूबाईने ती जागा लगेच ताज्या शेणाने सारवली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी. तिने पुन्हा सारवले. पंधरा दिवस हेच चालले. पिल्लाला बाहेर बांधणेही शक्य नव्हते. वाडीत कोल्हे होते आणि पाऊस थांबत नव्हता.

हरेश्वर कामावरून दमून येई. आईची कटकट ऐके आणि पिल्लाचे नाक त्या ओल्या जागी घासे. एकदा त्याने वहाण उचलून त्याला मारले. पावशेर तिथेच पुन्हा मुतले, भीतीने. त्यानंतर ते कोठीमागे लपून घाण करू लागले. माणसांच्या समोर करायचे नाही, एवढेच त्या माराने त्याला शिकवले. मी दारात पडून सगळे बघत होतो. मला तोंड नव्हते.

मग वेणूबाईने निकाल दिला. "अविधवा नवमीला केसरच्या नावानं सवाष्णी जेवायला यायच्या हायत. त्या दिशी घरात घाण दिसली, तर ह्याला अलिबागच्या बाजारात सोडून ये."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांसाठी भाद्रपदात ही नवमी पाळतात. तिला वीस दिवस होते. ते पिल्लू म्हणजे केसरने मागितलेली शेवटची गोष्ट होती, आणि त्यालाच हरेश्वर मारत होता.

त्याने कोंडाजीला बोलावले. कोंडाजीने वाकून कोपऱ्याचा वास घेतला आणि हसू लागला.

"वयनी, तूच त्याला जागा दावतेस की!"

"मी? मी तर सारवते!"

"शेणानंच ना? बंगल्यावर ह्ये गोठ्यात जाऊन मुतायचं. ह्याला शेण म्हंजे गोठा, गोठा म्हंजे बाहेर. तू रोज सांगतेस, बाबा, हितंच कर. तो वरचा थर खरवड, सुकी माती घाल. नवमीपर्यंत शेण लावू नको."

वेणूबाईचा चेहरा उतरला. "सून गेली तर घर सारवायला बी कोणी न्हाय, असं म्हनतील लोकं."

"म्हनू देत," हरेश्वर म्हणाला.

म्हातारीने स्वतःच खुरपे घेतले.

कोंडाजीने मला दारातून उचलले, पिल्लाच्या मुताने भिजवले आणि कोठीपाशी अंथरले. "उठलं की ह्याच्यावर ठेव. खाल्लं की ह्याच्यावर ठेव. केलं की गोड बोल. चुकलं तर गप बस, पूस, पुढं चल. आनि गोणपाट रोज वीतभर दाराकडं सरकव."

मित्रांनो, तांदळाच्या पोत्याला हे काम आवडले असेल का? पण हरेश्वर माझ्याजवळ उकिडवा बसे, पिल्लाची वाट पाही, आणि "शाब्बास रे" म्हणे. त्या घरात कोणी गोड बोललेले मी दीड वर्षाने ऐकले. रोज वीतभर मी सरकलो. तीनदा पिल्लू चुकले. एकदा हरेश्वरचा हात उठला, पण त्याने तो मागे घेतला. नवमीच्या आदल्या दिवशी मी उंबरठ्याबाहेर, अंगणात होतो.

नवमीला पाच सवाष्णी पानांवर बसल्या. हरेश्वर वाढत होता. पावशेर जागे झाले, गोल फिरू लागले, आणि दाराशी जाऊन थांबले. बाहेर धो धो पाऊस. ते मागे वळले, कोठीकडे बघू लागले.

हरेश्वरच्या हातात वरणाचे भांडे तसेच राहिले. तेवढ्यात वेणूबाई उठली. तिने खुंटीवरचे पानांचे इरले काढले, पिल्लाला काखोटीला धरले आणि अंगणात येऊन त्याला माझ्यावर ठेवले. स्वतः भिजत तिने इरले त्याच्यावर धरले.

"कर रे बाबा लवकर," ती म्हणाली. "पानं निवतात."

त्याने केले. आत बायका हसल्या. "केसरनं सासूला कामाला लावलं गं!" त्यांतली एक म्हणाली. वेणूबाई हसली नाही. ती पदराने डोळे पुसत होती.

पावशेर त्या घरात अकरा वर्षे राहिले. घरात पुन्हा कधी चुकले नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट सांगायलाच हवी. हरेश्वरने डोक्यावरची टोपी काढायला नुसता हात वर केला, तरी ते पोट जमिनीला टेकवून खाली बसे. अगदी म्हातारे होईपर्यंत. हरेश्वर मग हात तसाच खाली घेई आणि त्याच्याजवळ बसून राही. घाणीचा डाग खरवडून काढता आला. हा डाग निघाला नाही. तुमच्या घरी कोणी लहान जीव आला, तर त्याला वीतभर वीतभरच पुढे न्या, आणि वहाण दाराबाहेरच राहू द्या.