भिवापूरच्या तंबूतला बाप

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो, आणि दिसायला देखणा आहे. ही माझी बढाई नाही. भिवापुरातल्या बाया मला बघायला वाट वाकडी करून यायच्या. डोक्याला फेटा, गळ्यात मोत्यांच्या माळा, डोळ्यांत काजळ, ओठांवर बारीक मिशी. माझ्यातला माणूस अमेरिकेतल्या एका मूकपटात हिंदुस्थानी राजपुत्र झाला होता. तेव्हा तो तिकडे फार गाजत होता म्हणे. पुढे बोलपट आले आणि त्याला कोणी विचारेना. त्याचा सिनेमा झिजत झिजत भिवापूरच्या जत्रेतल्या एका फिरत्या सिनेमा-तंबूत पोचला, आणि मी त्या तंबूच्या दाराशी टांगला गेलो. जत्रा उठली तेव्हा तंबूवाल्याने मला तिथेच टाकलं.

मला उचललं गोपिकाबाईने. तिचा नवरा रामाजी मिरचीच्या वावरात साप चावून गेला, तेव्हा कुसुम पोटात होती. रामाजीने जन्मात फोटो काढला नव्हता. कुसुम जाणती झाली आणि विचारू लागली, माहा बाप कसा दिसे? मैत्रिणीच्या घरी तिच्या गेलेल्या बापाचा फोटो होता, तो पाहून आली की रडून घर डोक्यावर घ्यायची. शेवटी गोपिकाबाईने मला चौकटीत बसवून भिंतीवर लावलं.

"हा पाह्य तुहा बाप," ती म्हणाली. "लग्नातला आहे."

फेटा आणि माळा होत्याच. पोरीने डोळे पुसले. त्या माउलीला तेवढंच हवं होतं. पण त्या वर्षी पित्रांत पोरीने आपणहून मला हार घातला, समोर पान वाढलं, आणि मग खरं सांगायची सोयच उरली नाही. गोपिकाबाई ते पोटात ठेवूनच गेली.

खरं सांगू? तेव्हापासून मी भीत भीतच जगलो. दर वर्षी वडे, कढी, खीर समोर यायची. कुसुम हात जोडून "बाबा, जेवा" म्हणायची, आणि माझ्या पाठीशी, भिंतीकडच्या बाजूला, कोणीतरी ताटकळत उभं आहे असं मला वाटायचं. मी फोटो, मागे वळून बघणार कसा? लग्नानंतर ती मला नागपुरात, प्रताप नगरात घेऊन आली. जावयाच्या घरी सासऱ्याचं पान, म्हणून सासरच्यांनी आधी नाकं मुरडली, मग तीही सवयीची झाली. तो मागे उभा राहणारा मात्र इथेही आला.

यंदा कुसुमताई ऐंशीच्या होणार, म्हणून नात काजलने माझे डाग काढून मोठी प्रत करायचं ठरवलं. तिने मोबाइलवर माझं चित्र घेतलं, सहज इंटरनेटवर शोधलं, आणि मोबाइलने तोच चेहरा पुढे केला. एल्विन हार्कोट, विसरला गेलेला नट. बहुतेक सिनेमे जळून गेलेले. काजलच्या बापाने, जितेंद्रने, आपल्या आईला, कुसुमताईंना, एक अक्षर सांगायचं नाही म्हणून बजावलं. पण त्या मागेच उभ्या होत्या. मोबाइलवरच्या एका चित्रात तो कोट-टोपी घालून खळखळून हसत होता.

"ह्याले मी कधी हासतानी नाही पाह्यलं," त्या म्हणाल्या. मग काजलने सगळं सांगितलं. कुसुमताईंनी एवढंच विचारलं, त्याला लेकरंबाळं होती का? नव्हती. भाड्याच्या खोलीत एकटाच मेला, पुरायलाही कोणी आलं नाही.

कुसुमताई माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "मंग इतकी वर्षं मी याले जेवू घातलं. माहा बाप उपाशीच राह्यला वं."

त्यांनी मला खाली उतरवलं, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. मला राग आला नाही. अंधारात मला त्या परमुलखातल्या खोलीची आठवण येत राहिली, जी मी कधी पाहिलीही नव्हती.

सर्वपित्रीला सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं. पुसलं आणि पुन्हा जागेवर लावलं. मग जितेंद्रकडून शेजारी एक नवा खिळा ठोकून घेतला. त्या रिकाम्या खिळ्याला झेंडूचा हार घातला. पानं दोन वाढली.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचा फोटो काढायचा राहिला असेल तर आजच काढा, आणि जुन्या फोटोंत कोण आहे ते म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून घ्या. आमच्यासारखे मग कोणाच्या तरी जागेवर बसतात, आणि ज्याची जागा असते तो उभा राहतो.

कुसुमताई त्या दिवशी माझ्यासमोर नाही, त्या खिळ्यासमोर बसल्या. कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बाबा, जेवा." मग माझ्याकडे वळल्या आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाल्या, "तुमी बी बसा."